ऑस्ट्रेलियाचा 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा : ८८ दिवसांच्या कामाचा पुरावा आणि नकारानंतरचे अपील

लोणार तालुक्यात कापसाची वेचणी सुरू झाली की मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी वजन होते, पैसे हातोहात किंवा बाजाराच्या दिवशी दिले जातात आणि व्यवहार तेथेच संपतो. पावती कोणी देत नाही आणि कोणी मागतही नाही. बुलढाणा जिल्ह्यातच नव्हे, तर अवघ्या महाराष्ट्रात शेतमजुरीचा बहुतेक व्यवहार असाच विश्वासावर चालत आला आहे. मात्र याच सवयीने एखादा मराठी पदवीधर ऑस्ट्रेलियातील आंब्याच्या किंवा केळीच्या बागेत राबला, तर त्याचे श्रम व्हिसाच्या हिशेबात शून्य ठरू शकतात. काम खरे, मजुरी खरी, तरीही अर्ज नामंजूर, अशी वेळ येते ती कागदाअभावी.

भारतीय तरुणांसाठी 'वर्क अँड हॉलिडे' हा व्हिसा २०२४ मध्ये प्रथमच खुला झाला. त्यामुळे मोबदल्याच्या कामाचा पुरावा कसा सिद्ध करायचा आणि अर्ज फेटाळला गेल्यास दाद कोठे मागायची, हा प्रश्न आता मराठी कुटुंबांपुढेही आला आहे. त्याची उत्तरे नियमांत स्पष्ट असली तरी अनेकांना ती नकाराचे पत्र हाती पडल्यावरच कळतात.

व्हिसाचे स्वरूप

भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यातील आर्थिक सहकार्य व व्यापार करारावर २ एप्रिल २०२२ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या आणि २९ डिसेंबर २०२२ पासून तो अमलात आला. या करारान्वये दरवर्षी एक हजार भारतीय तरुणांना ऑस्ट्रेलियात वर्षभर राहण्याची, फिरण्याची आणि त्या काळात काम करण्याची मुभा देण्याचे ठरले. या व्हिसाचा उपवर्ग ४६२ असा आहे. वयाची अट १८ ते ३० वर्षे अशी असून किमान दोन वर्षांचे पदवी शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि सुरुवातीच्या खर्चाची तरतूद आवश्यक असते. जागांपेक्षा इच्छुक अधिक असल्याने निवड सोडतीने होते. पहिल्या सोडतीसाठी १ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या काळात नोंदणी झाली.

ब्रिटन, आयर्लंड, फ्रान्स आदी देशांच्या नागरिकांसाठी याच धर्तीचा ४१७ हा उपवर्ग आहे. दोन्ही उपवर्गांचे नियम बरेचसे सारखे असले तरी ते एकच नव्हेत. उदाहरणार्थ, खाणकाम ४१७ मध्ये गणले जाते, ४६२ मध्ये नाही. शिवाय ब्रिटिश पारपत्रधारकांना १ जुलै २०२४ पासून विहित कामाची अट राहिलेली नाही. भारतीयांना ती आहे. परदेशी मित्रांकडून ऐकलेली माहिती स्वतःला लागू पडेलच, असे म्हणूनच समजू नये.

८८ दिवसांची अट

पहिला व्हिसा बारा महिन्यांचा असतो. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर पहिल्या व्हिसाच्या काळात किमान तीन महिने 'विहित काम' केलेले असावे लागते. तिसऱ्या वर्षासाठी दुसऱ्या व्हिसाच्या काळात सहा महिने असे काम करावे लागते. तीन महिने म्हणजे किमान ८८ दिवस आणि सहा महिने म्हणजे किमान १७९ दिवस, असा हिशेब धरला जातो. दुसऱ्या व तिसऱ्या व्हिसासाठी पुन्हा सोडत नसते. त्यामुळे सारी भिस्त या कामावर आणि त्याच्या पुराव्यावर असते.

विहित काम ठरते ते दोन गोष्टींवरून : कामाचा प्रकार आणि कामाचे ठिकाण. शेती व पशुपालन, मासेमारी व मोतीसंवर्धन, वृक्षलागवड व तोड, बांधकाम, पर्यटन व आतिथ्य, तसेच वणवा किंवा अन्य नैसर्गिक आपत्तीनंतरचे पुनर्वसन ही त्यातील प्रमुख क्षेत्रे. प्रत्येक क्षेत्रासाठी पात्र भाग वेगळे आहेत आणि ते पिनकोडनिहाय ठरवून दिलेले आहेत. मकरवृत्ताच्या उत्तरेचा क्वीन्सलँड व वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा भाग आणि संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरी मिळून 'उत्तर ऑस्ट्रेलिया' होतो. त्याखेरीज काही ग्रामीण व दुर्गम भागही काही प्रकारच्या कामांसाठी पात्र आहेत.

ठिकाणाने किती फरक पडतो, हे लोणारकरांना एका उदाहरणाने चटकन कळेल. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातील हॉल्स क्रीक परिसरात वुल्फ क्रीक हे लोणारप्रमाणेच उल्कापाताने झालेले विवर आहे आणि ते मकरवृत्ताच्या उत्तरेस येते. तेथे येणाऱ्या पर्यटकांसाठी चालणाऱ्या उपाहारगृहातील नोकरी विहित कामात मोडू शकते. सिडनीच्या उपाहारगृहात तेच ताट वाढण्याचे काम मात्र मोडत नाही.

दिवस कसे मोजतात

एकाच मालकाकडे सलग तीन महिने पूर्णवेळ काम केले असेल तर साप्ताहिक सुट्ट्याही त्या काळात धरल्या जातात. पूर्णवेळ म्हणजे त्या उद्योगात त्या भागात सामान्यतः जितके दिवस किंवा पाळ्या कराव्या लागतात तितके काम. काम तुटक असेल, आठवड्यातून दोन-तीन दिवसच मिळत असेल, तर प्रत्यक्ष काम केलेले पूर्ण दिवसच मोजले जातात. सात तासांचा दिवस असणाऱ्या उद्योगात एकाच दिवशी चौदा तास राबले म्हणून दोन दिवस धरले जात नाहीत. निरनिराळ्या मालकांकडील कामाचे तुकडे एकत्र करता येतात, परंतु प्रत्येक तुकड्याचा पुरावा स्वतंत्र द्यावा लागतो.

हंगामी शेतीत पावसामुळे काम बंद पडते, फळ पिकण्याची वाट पाहत दिवस जातात. त्या काळात मजूर बागेजवळच्या वसतिगृहात राहत होता, एवढ्यावरून ते दिवस मोजले जातील असे गृहीत धरू नये. आपल्या अंदाजाने ८८ वा दिवस भरला की लगेच अर्ज करणाऱ्यांची गफलत नेमकी येथे होते. चार-सहा दिवस जरी वादग्रस्त ठरले, तरी अट अपुरी राहते आणि अर्ज फेटाळला जातो. शंभर-एकशे दहा दिवसांचा निर्विवाद पुरावा जमल्यानंतरच अर्ज करणे शहाणपणाचे.

'मोबदल्याचे काम' म्हणजे काय

नियमाचा गाभा येथे आहे. काम केवळ झालेले असून भागत नाही. त्याचा मोबदला ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार व लागू वेतनश्रेणीनुसार मिळालेला असावा लागतो. ४१७ उपवर्गात एके काळी शेतावर राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेले विनावेतन कामही धरले जात असे. त्या सवलतीआड तरुणांची पिळवणूक होऊ लागल्याने १ डिसेंबर २०१५ पासूनचे तसे काम ग्राह्य धरणे बंद झाले. ४६२ उपवर्गालाही मोबदल्याची अट लागू आहे. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनातील स्वयंसेवेचा तेवढा अपवाद.

विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचा करार पाडव्याला होतो आणि त्याच्या मोबदल्यात रोख रकमेबरोबर धान्याचाही वाटा असतो. आपल्याकडे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. ऑस्ट्रेलियात मात्र 'खोली आणि जेवण आमचे, काम तुमचे' असा सौदा व्हिसासाठी मोबदला ठरत नाही. मालकाने राहण्याचे पैसे पगारातून कापायचे तर त्याला मजुराची लेखी संमती लागते आणि ती कपात वेतनपावतीवर दिसावी लागते. पूर्ण वेतन, नोंदवलेली कपात आणि हाती पडलेली रक्कम अशी साखळी कागदावर उभी राहिली, तरच ते वेतन म्हणून ओळखले जाते.

राष्ट्रीय किमान वेतन १ जुलै २०२५ पासून ताशी २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर ठरले आणि त्याचा दरवर्षी फेरविचार होतो. रोजंदारीवरील कामगाराला साधारणतः त्याहून २५ टक्के अधिक द्यावे लागतात. फळतोडणीत नगावर किंवा पेटीवर मजुरी देण्याची पद्धत आहे. आपल्या कापूसवेचणीशी ती मिळतीजुळती असली तरी एक मोठा भेद आहे. २८ एप्रिल २०२२ पासून बागायती क्षेत्रातील अशा मजुरालाही ताशी किमान वेतनाची हमी मिळाली आहे. हात संथ चालला, पेट्या कमी भरल्या, तरी काम केलेल्या तासांच्या किमान वेतनाखाली मालकाला जाता येत नाही. साहजिकच तासांची नोंद ठेवणे त्याला भाग पडते आणि तीच नोंद मजुराला पुढे पुरावा म्हणून उपयोगी येते.

कमी वेतन देणाऱ्या मालकाकडे काम केलेल्या तरुणाची स्थिती सर्वांत अवघड. त्याचे पैसे तर बुडतातच, शिवाय 'कायद्यानुसार मोबदला' ही अट पूर्ण झाली काय, असा प्रश्नही उभा राहतो. म्हणून वेतन कमी पडत असल्याचे ध्यानात येताच 'फेअर वर्क ओम्बुड्समन' या सरकारी यंत्रणेकडे विचारणा करावी आणि तो पत्रव्यवहार जपून ठेवावा. मजुराच्या व्हिसाचा धाक घालून त्याला राबवणे, किंवा कामाचा दाखला देण्याच्या बदल्यात अन्यायकारक अटी लादणे, हा १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियात फौजदारी गुन्हा ठरला आहे.

कोणते कागद ग्राह्य

महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने खेड्यापाड्यांत एक शब्द रूढ केला, तो म्हणजे हजेरीपट. हजेरीपटावर नाव नाही तर मजुरी नाही, हे दुष्काळी कामांवर गेलेल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक आहे. ऑस्ट्रेलियात हजेरीपटाचे काम एक कागद करीत नाही. तेथे अनेक स्वतंत्र नोंदी एकमेकींशी जुळाव्या लागतात.

पहिली नोंद वेतनपावती, म्हणजे पे-स्लिप. पगाराच्या दिवसानंतर एका कामकाजाच्या दिवसात ती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. तिच्यावर मालकाचे नाव व व्यवसाय क्रमांक, कामगाराचे नाव, वेतनाचा कालावधी, तास व दर, एकूण आणि निव्वळ रक्कम, कपाती आणि निवृत्तिनिधीचा हप्ता हा तपशील असावा लागतो. मालकाने अशा नोंदी सात वर्षे ठेवायच्या असतात. पावत्या हरवल्या तर त्या मागण्यास म्हणूनच जागा राहते.

दुसरी नोंद बँकेची. वेतन खात्यात जमा झाले असेल तर रक्कम, तारीख आणि पाठवणाऱ्याचे नाव आपोआप नोंदले जाते. रोख वेतन घेणे बेकायदा नाही, परंतु पावतीविना घेतलेली रोख रक्कम सिद्ध करणे जवळपास अशक्य. रोख घ्यावीच लागली तर त्याच दिवशी पावती घेऊन ती रक्कम खात्यात भरावी.

तिसरी नोंद करखात्याची. कामाला लागण्यापूर्वी कर क्रमांक घ्यावा लागतो. नोंदणीकृत मालक या व्हिसावरील कामगाराच्या उत्पन्नातून पहिल्या डॉलरपासून ४५ हजार डॉलरपर्यंत १५ टक्के कर कापतो आणि प्रत्येक पगाराची माहिती संगणकाद्वारे करखात्याला कळवतो. तिचे वार्षिक विवरण कामगाराला सरकारी संकेतस्थळावरील आपल्या खात्यात दिसते. चौथी नोंद निवृत्तिनिधीची. १ जुलै २०२५ पासून वेतनाच्या १२ टक्के रक्कम मालकाने कामगाराच्या निधी खात्यात भरायची असते. या दोन्ही नोंदी मालकाच्या मर्जीतील दाखल्यापेक्षा वजनदार ठरतात, कारण त्या काम चालू असतानाच तिसऱ्या संस्थेकडे तयार झालेल्या असतात.

पाचवा कागद मालकाचा दाखला. कामाचे स्वरूप, प्रत्यक्ष ठिकाणाचा पत्ता व पिनकोड, सुरुवातीची आणि अखेरची तारीख, काम केलेले एकूण दिवस, व्यवसाय क्रमांक व संपर्क एवढे त्यात असावे. मजूर ठेकेदारामार्फत काम मिळाले असल्यास विशेष काळजी घ्यावी. वेतनपावतीवर ठेकेदाराच्या शहरातील कार्यालयाचा पत्ता असतो आणि बाग शेकडो किलोमीटर दूर असते. प्रत्यक्ष कोणत्या बागेत, कोणत्या तारखांना काम झाले, हे ठेकेदाराकडून आणि शक्य असल्यास बागमालकाकडूनही लिहून घ्यावे. वसतिगृहाच्या पावत्या, बसची तिकिटे, कामाच्या वेळापत्रकाचे संदेश, तारखेसह छायाचित्रे हा दुय्यम पुरावा होय. एकट्याने तो पुरेसा नसतो, मात्र मुख्य कागदांतील रिकाम्या जागा भरून काढतो.

नकार कशामुळे मिळतो

अर्ज फेटाळताना गृहखाते कारणांचे पत्र देते. त्यातील आक्षेप साधारणतः पाच प्रकारचे असतात. काम विहित प्रकारात बसत नाही, ठिकाण पात्र भागात येत नाही, दिवस कमी भरतात, मोबदला कायद्यानुसार मिळाल्याचे दिसत नाही, किंवा सादर केलेल्या कागदांच्या खरेपणाविषयी संशय आहे. प्रत्येक आक्षेपाचे उत्तर वेगळे असते. दिवसांविषयीच्या शंकेला बागेची छायाचित्रे पाठवून उपयोग नाही आणि ठिकाणाविषयीच्या शंकेला बँकेचा उतारा पुरत नाही.

बहुतेकदा नकारापूर्वी खाते अधिक माहिती मागवते. ही मागणी ई-मेलने येते, तिला मुदत असते आणि पुष्कळांचा घात येथेच होतो. कोणी फळतोडणीच्या मुक्कामी इंटरनेटविना असतो, कोणी ती सूचना एजंटाच्या ई-मेलवर सोडून देतो. मुदतीत उत्तर गेले नाही तर खाते समोर असलेल्या कागदांवरच निर्णय घेऊ शकते. नीट दिलेले उत्तर अपिलाचा पुढचा सारा खर्च वाचवते.

दाद कोठे मागायची

१४ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रकरणांची फेरतपासणी 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्यूनल' या न्यायाधिकरणाकडे होते. त्याआधीचे 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्यूनल' त्या दिवशी बरखास्त झाले. जुन्या माहितीपत्रकांत अजूनही जुने नाव आणि जुनी मुदत आढळते, तिच्यावर विसंबू नये.

पहिला प्रश्न असतो तो अपिलाच्या हक्काचा. दुसऱ्या वर्षाचा अर्ज ऑस्ट्रेलियात राहून केला असेल आणि तो फेटाळला गेला, तर फेरतपासणी मागता येते. ती मागतानाही अर्जदार ऑस्ट्रेलियातच असावा लागतो. अर्ज भारतात परतून केला असेल तर नकारानंतर या व्हिसासाठी सहसा न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा नसतो. तेव्हा नवा अर्ज अधिक भक्कम पुराव्यानिशी करणे एवढाच मार्ग उरतो आणि तोही वयाची ३० वर्षांची मर्यादा ओलांडलेली नसेल तरच. अर्ज कोठून करावा, हा निर्णय म्हणूनच केवळ विमानभाड्याचा नव्हे.

दुसरा प्रश्न मुदतीचा. निर्णय कळवल्यापासून २८ दिवसांत अर्ज दाखल व्हावा लागतो आणि ही मुदत न्यायाधिकरणाला वाढवून देता येत नाही. ई-मेलने पाठवलेला निर्णय त्याच दिवसाच्या अखेरीस मिळाला असे कायदा मानतो. अर्जदाराने तो उघडला की नाही, याला महत्त्व नाही.

तिसरा प्रश्न खर्चाचा. शुल्क सुमारे साडेतीन हजार ऑस्ट्रेलियन डॉलर, म्हणजे अंदाजे दोन लाख रुपये आहे. आर्थिक अडचण सिद्ध केल्यास निम्मी सवलत मागता येते, तर निकाल बाजूने लागल्यास निम्मी रक्कम परत मिळते. लोणारच्या कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम म्हणजे कर्ज काढण्याचाच विषय. तेव्हा पुरावा खरोखर उभा राहू शकतो काय, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासून पाहावे.

अपिलात काय सिद्ध करता येते

न्यायाधिकरण खात्याच्या निर्णयातील चुका तेवढ्या शोधत नाही. ते प्रकरणाचा नव्याने विचार करते. त्यामुळे खात्यापुढे न ठेवलेले कागदही येथे सादर करता येतात. पूर्वी न मिळालेल्या वेतनपावत्या, करविवरण, निधी खात्याचा उतारा, ठेकेदाराचे सविस्तर पत्र हे सारे चालते. तोंडी जबाब होतो आणि दुभाषी मागता येतो.

परंतु एक मर्यादा नीट समजून घ्यावी. नवा पुरावा चालतो, नवे दिवस चालत नाहीत. विहित काम मूळ अर्ज करण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागते. अर्जाच्या दिवशी ८० च दिवस भरले असतील तर अपील प्रलंबित असताना आणखी आठ दिवस काम करून उणीव भरून निघत नाही. ज्याने ८८ दिवस खरोखर भरले पण दाखवता आले नाहीत, त्याच्यासाठी अपिलाला अर्थ आहे. ज्याचे दिवसच कमी आहेत, त्याच्यासाठी ते खर्चाचे आणि निराशेचे प्रकरण ठरते.

पुरावा मांडण्याची सोपी रीत म्हणजे तारखांचा तक्ता. एका रकान्यात कामाची तारीख, पुढे मालक, ठिकाण व पिनकोड, केलेले तास, संबंधित वेतनपावतीचा क्रमांक आणि ती रक्कम बँकेत जमा झाल्याची तारीख. अशा तक्त्याने दोन गोष्टी साधतात. निर्णय देणाऱ्याला दिवस मोजणे सोपे जाते आणि खाडाखोड किंवा पोकळी कोठे आहे हे अर्जदाराला स्वतःलाच आधी कळते. पोकळी लपवण्याऐवजी तिचे कारण लिहावे. पावती नाही, पण त्याच आठवड्याचा निधीचा हप्ता जमा आहे, असे दाखवता आले तर पुष्कळ काम होते. मालकाने सहकार्य नाकारले असल्यास त्याला पावत्या मागितल्याचे लेखी पत्र आणि त्याचे मौन, दोन्ही नोंदवावे.

निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला तरी न्यायाधिकरण सहसा स्वतः व्हिसा देत नाही. अट पूर्ण झाल्याच्या निर्देशासह प्रकरण खात्याकडे परत जाते आणि उर्वरित अटी तपासून खाते निर्णय घेते. निकाल विरोधात गेला तर ३५ दिवसांत फेडरल न्यायव्यवस्थेकडे जाता येते, मात्र तेथे पुराव्याची फेरमोजणी होत नाही, कायद्याची चूक झाली आहे काय एवढेच पाहिले जाते.

विकत मिळणारे दाखले

अट कठीण असली की तिचा बाजार होतो. काम न करता वेतनपावत्या आणि दाखला 'करून देणारे' भेटतात, कधी ओळखीच्या माणसांमधूनच. खोटा कागद किंवा दिशाभूल करणारी माहिती आढळल्यास अर्ज तर फेटाळला जातोच, शिवाय तीन वर्षेपर्यंत अन्य अनेक व्हिसांची वाटही बंद होऊ शकते. पुढे विद्यार्थी किंवा कुशल कामगार म्हणून जाण्याचा विचार असेल तर तोही त्याखाली दबतो. वेतनपावती छापणे सोपे आहे, पण त्याच रकमेचा कर, निधीचा हप्ता आणि बँकेतील जमा या तिन्ही नोंदी मागील तारखेने तयार करता येत नाहीत. खाते नेमकी हीच जुळणी पाहते.

नकळत फसलेल्यांचेही हाल कमी नाहीत. एजंटाने कोणता कागद जोडला हे मला ठाऊक नव्हते, हा बचाव सहज मान्य होत नाही. अर्जातील प्रत्येक जोडपत्र स्वतः पाहावे व त्याची प्रत ठेवावी. ऑस्ट्रेलियात सशुल्क सल्ला देणारा माणूस नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकील असावा लागतो आणि एजंटांची नोंदवही सर्वांना पाहता येते. अपिलाचे प्रकरण गावाकडील ओळखीच्या प्रवास कंपनीवर सोपवू नये.

जाण्यापूर्वीची तयारी

या साऱ्याचा अर्थ एवढाच की अपिलाची तयारी नकाराच्या दिवशी सुरू होत नाही, ती कामाच्या पहिल्या दिवशी सुरू होते. कर क्रमांक आणि बँक खाते आल्याबरोबर काढावे. काम स्वीकारण्यापूर्वी मालकाचा व्यवसाय क्रमांक सरकारी नोंदवहीत तपासावा आणि बागेचा पिनकोड ४६२ उपवर्गाच्या यादीत त्या प्रकारच्या कामासाठी आहे काय, हे पाहावे. मालक कामगाराला स्वतःचा व्यवसाय क्रमांक काढून 'कंत्राटदार' व्हायला सांगत असेल तर सावध व्हावे. वेतनपावती, निधी आणि किमान वेतन या तिन्ही संरक्षणांतून त्यामुळे तो बाहेर फेकला जाऊ शकतो.

दर आठवड्याला वेतनपावती आली काय, बँकेतील रक्कम तिच्याशी जुळते काय आणि तास बरोबर आहेत काय, हे पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. साध्या वहीत तारीख, ठिकाण, तास आणि काम लिहून ठेवावे. मालक सोडताना, संबंध चांगले असतानाच दाखला घ्यावा, कारण हंगाम संपला की ठेकेदाराचा फोन लागेलच असे नाही. सर्व कागदांची एक प्रत ई-मेलवर आणि एक घरी पाठवावी. पहिल्या महिन्यातच वेतनपावती मिळत नसेल, तर ते काम लवकर सोडून दुसरे शोधण्यात शहाणपण आहे. ८८ दिवसांपैकी गेलेले दहा दिवस भरून काढता येतात, गेलेले ऐंशी येत नाहीत.